दीड मिनिट

हर्षलनं ज्ञानेश्वर हवालदारांच्या घोट्यांना पट्टे आवळले. पट्टे ओलसर होते. आधीच्या कुणाचा तरी घाम त्यांत मुरला होता. हवालदारांना शिसारी आली.

भंडारदऱ्याच्या त्या आरोग्य शिबिरात पाऊल टाकल्यापासून त्यांना शिसारीच येत होती. मांडवात लोखंडी चौकटींची रांग होती आणि तिच्यावर चांगल्या घरची माणसं डोकी खाली करून लोंबकळत होती. कुणाचं पोट गळ्याकडं घसरलेलं, कुणाची लाळ कपाळाकडं चाललेली. एक बाई तशा उलट्या लटकूनच स्वतःचा फोटो काढत होत्या. मोज्यांचा वास आणि दुधीच्या रसाचा वास एकमेकांत कालवला होता. मधून शिबिर घेणारा हर्षल फिरत होता. "मणका मोकळा होतो. डोक्याला रक्त मिळतं. मनातला कचरा निघून जातो," असं प्रत्येकाला त्याच मधाळ आवाजात सांगत होता.

हवालदारांना पोलिसांतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली होती. कमरेनं पार धरलं होतं. मुलीनं, सुकन्यानं, न विचारताच नाव नोंदवलं होतं.

"मला न्हाई करायचं ते," त्यांनी वाटेत चारदा सांगितलं.

"पण का, आण्णा? ऑपरेशन टळलं तर वाईट आहे का?"

 शेवटी ते चौकटीवर आडवे झाले.

चौकट फिरली. पाय वर गेले. सकाळचा चहा नाकात उतरला. पोट छातीवर चढून बसलं, श्वास पुरेना. डोळे खोबणीतून सुटून खाली पडतील असं वाटायला लागलं. समोर हर्षलचे नुसते पाय दिसत होते. त्याचा चेहरा कुठं तरी लांब, वर होता.

"उतरव."

"थोडंच राहिलंय, काका. श्वास सोडा, छान वाटेल."

"उतरव रे... उतरव..."

आवाज इतका बारीक निघाला की हवालदार स्वतःच दचकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. हा कारभारीचा आवाज होता.

कारभारी खर्ड्याकडचा मजूर. नऊ वर्षांपूर्वी विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून त्याला ठाण्यात आणलं होतं. मागच्या खोलीत तुळईला उलटा टांगला. "उतरवा हो साहेब," म्हणत राहिला. दुपारपर्यंत मेला. कागदावर लिहिलं गेलं, फिट येऊन पडला. हवालदारांच्या जबाबात होतं की ते त्या वेळी बाहेर टेबलावर होते, आरडाओरडा काही ऐकला नाही. पुढं मोटारीचा चोर भलताच निघाला. कारभारीची बायको भिमाबाई मात्र तेव्हापासून कोर्टात येत होती. सोमवारी हवालदारांची साक्ष होती. जबाब त्यांना पाठ होता.

चौकट सरळ झाली आणि ते भडाभडा ओकले. सतरंजीवर, हर्षलच्या बुटांवर, स्वतःच्या सदऱ्यावर.

"होतं असं पहिल्यांदा," हर्षल फडकं आणत म्हणाला. "घाबरू नका. नवीन माणसाला आम्ही दीड मिनिटाच्या वर ठेवतच नाही. जास्त झालं तर जिवावर बेततं."

हवालदार नळापाशी गेले. आरशात त्यांचे डोळे लालभडक झाले होते. असे डोळे त्यांनी पूर्वी एकदा पाहिले होते, त्यानंतर कधी नाही. त्यांनी तोंड धुतलं, परत धुतलं. आंबूस चव जाईना.

"कंबर कशी आहे, आण्णा?" सुकन्यानं विचारलं.

त्यांनी कंबर वळवून पाहिली. दुखत नव्हती. कितीतरी महिन्यांनी अंग हलकं वाटत होतं. इतका वेळ पट्ट्यांची, लाळेची, वासाची आलेली किळस त्यापुढं काहीच नव्हती. आपल्याला बरं वाटतंय, याचीच त्यांना किळस आली.

सोमवारी कोर्टात भिमाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते, पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. पोलिसांच्या वकिलांनी जुना जबाब वाचून दाखवला.

"म्हणजे कारभारीला फिट आली होती. बरोबर?"

"न्हाई," हवालदार म्हणाले. "त्याला उलटा टांगला हुता. पाऊण तास."

वकिलांच्या हातातला कागद तसाच राहिला. भिमाबाई उठून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं आणि विचारलं,

"जबाबात तर तुम्ही बाहेर टेबलावर होता म्हणता. मग पाऊण तास कसा कळला? नेमके कुठं होतात तुम्ही?"

हवालदारांनी कठड्यावरचे दोन्ही हात उचलले आणि पुढं केले.

"त्याच्याच खाली, साहेब. दोर माज्या हातात हुता."