तिसरं लिनक्स

गेलेल्या भावाचा लॅपटॉप ताईंनी दुरुस्तीवाल्याकडे टाकला होता. कुठलंही लिनक्स घाला, पण मुलीच्या अभ्यासापुरतं वायफाय चालू दे, एवढंच त्यांचं म्हणणं. पहिल्या लिनक्सला वायफाय सापडलंच नाही, दुसऱ्यानंही हात टेकले. दुरुस्तीवाला इरेला पेटला. लॅपटॉप खोलून बघणं मात्र त्याला कमीपणाचं वाटत होतं. तिसऱ्याचा पेनड्राइव्ह लावला आणि पासवर्डही न मागता वायफाय जोडलं गेलं.

तेवढ्यात ताई दारात आल्या.

"जमलं बघा! सिग्नलच्या दोनच रेघा दिसतायत, पण चालेल."

ताई जागच्या जागी थबकल्या. पर्समधून एक छोटी पुडी काढून त्यांनी पुढे केली. "अहो, वायफायचं कार्ड तर माझ्याकडेच राहिलं. तेच द्यायला आले. दादानं शेवटी शेवटी उपटून काढलं होतं. म्हणायचा, बंद केला तरी हा लॅपटॉप कुणाशी तरी बोलतच राहतो."

दुरुस्तीवाल्यानं चालू लॅपटॉप तसाच आडवा करून मागचं झाकण उघडलं. कार्डाची जागा रिकामी होती. दोन बारीक वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

ताई पुडी हातात घेऊनच बघायला जवळ आल्या, तशा पडद्यावर उरलेल्या रेघाही भरल्या.