हाकेला ओ

हिंजवडीत विजयमालाबाईंच्या पीजीमध्ये नेट रखडतंय म्हणून सुदर्शन तपासायला आला, तर राउटर स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपामागे, बुरशी धरलेल्या भिंतीला टेकवलेला.

“मावशी, पाण्यातून सिग्नल जात नाही. त्यापेक्षा पिंपातच बुडवायचा ना!”

“पोरं वायरी वढत्यात, म्हनून तिथं ठेवलाय. आधी पानी घ्या.”

पाणी त्याच पिंपातलं होतं, पण नको म्हणवेना. कोमट, बुळबुळीत घोट उतरताना घशातून केसांच्या गुंत्यासारखं काहीतरी सरपटत गेलं. 

त्याने मोबाईलवर ‘पिंग’ची तपासणी लावली. मोबाईल राउटरला हाका मारू लागला. प्रत्येक हाकेला ओ रेंगाळत येत होती. मग राउटर हलवायला त्याने प्लग काढला. दिवे विझले.

ओ येतच राहिली. उलट आता चटकन.

ओ येतेय कुठून ते शोधायला त्याने किळस दाबून मोबाईल पिंपाशी नेला, ओ मंदावली. तुंबलेल्या मोरीशी नेला, आणखी मंदावली. छातीशी धरला, तर हाकेसरशी ओ आली.

“आला का सिग्नल?” मावशींनी विचारलं.

सुदर्शनने मोबाईल हळूहळू खाली, पोटाशी नेला.

तिथे हाक मारायच्या आधीच ओ आली.