पहिली जाणीव

कुकरची शिट्टी. आजोबांच्या टोचणाऱ्या मिशा. पंख्याची फिरती सावली. ओल्या दुपट्याचा गारवा.

बालवाडीतल्या मुलांच्या या पहिल्या जाणिवा. मेंदूत ‘मी’ जागा झाला तो क्षण आता दवाखान्यातलं यंत्र शोधून देतं आणि मुलाला तो पुन्हा अनुभवता येतो. पाचव्या वाढदिवसाला घरोघरी त्याचंच कौतुक.

हेमांगीने मात्र मिहिकाची तपासणी टाळतच आणली होती. शिशुगृहातून पोर घरी आली तेव्हा सात महिन्यांची होती. तिच्यातला ‘मी’ तिथेच, कुणा दुसरीच्या कुशीत जागा झाला असेल तर?

“सगळ्यांची झाली, माझीच राहिली,” म्हणत मिहिकाने शेवटी भोकाड पसरलं, तेव्हा शिरीषने दोघींना स्कूटरवर घातलं.

यंत्राची टोपी मिहिकाच्या डोळ्यांवर घसरत होती. एकदम ती खुदकन हसली.

“ई! कुणीतरी शिंकलं! माझ्या तोंडावरच!”

“कोण गं?” हेमांगीने पुढे वाकून विचारलं.

“दिसत नाहीये. परत शिंकलं! आणि मला घट्ट धरलं.”

“घ्या! सुरुवातीलाच माशी शिंकली म्हणायची,” शिरीष बायकोकडे बघत म्हणाला.

हेमांगीने पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय, ते मिहिकाला टोपीतून कळेना.

मिहिकाला घरी आणलं त्या दिवशी हेमांगीला जबर सर्दी झाली होती, आणि तरीही रिक्षात तिने बाळ शिरीषच्या हातात दिलं नव्हतं.