निळ्या शीटची हद्द

रविवारी सकाळी सव्वासहाला धीरजनं शीटच्या चौथ्या कोपऱ्यावर पाण्याची दोन लिटरची बाटली ठेवली आणि जमीन कंपनीची झाली.

खाडीकाठच्या बागेतलं सगळ्यात मोठं चेरीचं झाड, त्याखाली सहा बाय आठ मीटर निळं प्लास्टिक आणि चिकटपट्टीवर कंपनीचं नाव. टोकियोत ही रीत कुणी मोडत नाही. फुलं बघायच्या दिवशी जो पहाटे शीट अंथरेल, दिवसभर ती जागा त्याची. फक्त शीटवर माणूस बसलेला पाहिजे. माणूस उठला की बागवाले शीट गुंडाळून बाजूला ठेवतात, अगदी नीट घडी घालून.

हे काम खरं तर ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोराचं. धीरजला या ऑफिसात चार वर्षं झाली होती, टोकियोत आठ. पण तोयोसुच्या ऑफिसातल्या मीटिंग रूममध्ये साहेबांनी, कुरोदा-साननी "जागा कोण धरणार?" असं विचारल्यावर त्यानंच हात वर केला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"धीरज-सान, तुम्ही कशाला?" कुरोदा-सान म्हणाले.

"मीच," धीरज म्हणाला.

त्याचं कॉन्ट्रॅक्ट मार्चअखेर संपत होतं. म्हणजे उद्या. पुढचं विचारलं की कुरोदा-सान दातांतून हवा आत ओढायचे आणि म्हणायचे, "एजन्सी कळवेलच." त्याला इथे कामाला लावणाऱ्या एजन्सीतला विजयकुमार म्हणायचा, "होईल रे, तू क्लायंटला खूश ठेव." गेल्या वर्षीही सही तीन एप्रिलला झाली होती, म्हणून धीरज घाबरला नव्हता. फारसा. पण कॉन्ट्रॅक्ट गेलं तर हिगाशी-कसाई भागातलं घर सोडावं लागणार, व्हिसा लटकणार आणि त्याच्या मुलीची, स्वप्नाची पुढच्या आठवड्यात सुरू होणारी पहिली सुरू व्हायच्या आधीच संपणार.

चार वर्षांत तो एक गोष्ट पक्की शिकला होता. इथले खरे निर्णय मीटिंगमध्ये होत नाहीत, बिअरच्या दुसऱ्या ग्लासानंतर होतात. म्हणून जागा उत्तम पाहिजे होती.

वेळ काढायला त्यानं मोबाईलवर एक जुना वेस्टर्न सिनेमा लावला. नदीकाठच्या कुरणात शेतकरी वस्ती करतात आणि त्यांना हुसकावायला एक धनदांडगा गुरंवाला एका बंदूकवाल्याला नोकरीवर ठेवतो. बंदूकवाला फार कमी बोलायचा. सिनेमात घोडे भरपूर होते, संडास एकही नव्हता. साडेआठनंतर ही उणीव धीरजला फारच जाणवायला लागली.

नऊ वाजता टोकियोतलं मराठी मंडळ आलं. पुढे मंडळाच्या अध्यक्षा जयमालाकाकू, मागे तीसेक माणसं, डबे, पिशव्या आणि सगळ्यात शेवटी धीरजची बायको कादंबरी, खांद्यावर पाडव्याची गुढी घेऊन. गुढी म्हणजे बाल्कनीत कपडे वाळत घालायचा स्टीलचा दांडा होता. साखरेची गाठी न मिळाल्यामुळे मार्शमॅलोची माळ होती.

"पाडव्यासाठी घेतलेल्या हॉलचा पाइप फुटला रे," काकू म्हणाल्या. "आत घोटाभर पाणी. बागेत बघावं तिकडे निळंच निळं. तुझे लोक किती वाजता येणार?"

"बारा."

"आम्ही साडेअकराला उठतो. पूजा, श्रीखंड-पुरी, खेळ खलास."

"काकू, मला काय, तुम्ही बसा असंच म्हणायचंय..."

"मग म्हण की."

"कुरोदा-सान लवकर आले तर?"

"तर त्यांना दोन पुऱ्या जास्त वाढू."

मंडळ हसलं. धीरज हसला नाही.

"अठ्ठेचाळीस चौरस मीटर आहे, धीरज," कादंबरी म्हणाली. "आणि तू एकटा आहेस."

"कंपनीची जागा आहे."

"सरकारी बाग आहे. तू प्लास्टिक अंथरलंयस."

"उद्या काय तारीख आहे माहितेय ना तुला?"

"मला माहितेय. तुला आज कुठला दिवस आहे ते माहितेय का?"

तेवढ्यात काकूंनी चपला काढल्या आणि गुडघे दाबत शीटच्या कडेला टेकल्या. स्वप्ना झाली तेव्हा याच काकूंनी महिनाभर घरी डबा पाठवला होता, रोज डिंकाच्या लाडवासकट. धीरजनं एकदा बागेच्या फाटकाकडे पाहिलं.

"काकू, प्लीज. उठा."

काकू कादंबरीच्या हाताला धरून उठल्या, चपला घातल्या.

"बस बाबा तू," त्या म्हणाल्या. "तुझे गुडघे चांगले आहेत."

मंडळानं गुढी शौचालयाच्या भिंतीपाशी उभारली. तेवढीच जागा रिकामी होती. आता धीरजचा तिकडे जायचा प्रश्नही मिटला.

आरती ऐकू येत होती. तो न गाता फक्त ओठ हलवत होता. सिनेमात बंदूकवाला ओढ्यापाशी थांबला, त्यानं घोडा वळवला आणि बंदूक आपल्याच मालकावर रोखली. धीरजनं सिनेमा बंद केला. त्या माणसाला व्हिसाची भानगड नव्हती.

बाराला पाच कमी असताना सगळं ऑफिस आलं, बूट काढून ओळीनं लावले आणि झाडाकडे पाहून "ओऽऽ" म्हणालं.

"कुणालाही पाय ठेवू दिला नाही," धीरजनं सांगितलं. "माझ्या बायकोलासुद्धा."

कुरोदा-साननी त्याच्याकडे पाहिलं, मग लांब भिंतीपाशी पुऱ्या वाढणाऱ्या मंडळाकडे पाहिलं. धीरजनं त्यांचा ग्लास भरला. तो रिकामा झाल्यावर पुन्हा भरला आणि पाठ ताठ करून बसला.

दुसरा ग्लास संपवून कुरोदा-सान उभे राहिले. सगळेच उभे राहिले, म्हणून धीरजही उभा राहिला. मागून कुणीतरी एक मोठा पुष्पगुच्छ पुढे केला.

"कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवणार नाही, हे जानेवारीत तुमच्या एजन्सीला कळवताना आम्हाला फार जड गेलं," कुरोदा-सान म्हणाले. "आणि तरी आज तुम्ही..."

त्यांनी दोन्ही हातांनी गुच्छ धीरजला दिला, कमरेतून खाली वाकले आणि सावरल्यावर आपुलकीनं विचारलं, "भारतात कधी परत जाताय?"