उलटी बट

"पाचला निघायचं म्हणजे पाचला," असं बजावून सासूबाई तयार व्हायला खोलीत गेल्या. आजी आपल्याला सलूनमध्ये नेऊन उंच खुर्चीवर बसवणार, एवढंच तीन वर्षांच्या भिंगरीला ठाऊक होतं. डोक्याचा चकोट करणार आहेत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

भिंगरीचे केस जेमतेम कानापर्यंत, आणि कुरळे म्हणजे असे कुरळे की बोट घातलं तर सापडायचं नाही. घरात बाकी सगळ्यांचे सरळ. आला-गेला विचारायचा, "ही कोणावर गेली हो?" सासूबाई सुनेकडे बघत म्हणायच्या, "कोण जाणे बाई. आमच्यात कोणाचे असे नाहीत, आणि हिच्या माहेरीही नाहीत." पुढचं वाक्य त्या बोलत नसत. बोलायची गरजच नसायची. सून खाली मान घालून चहाचे कप उचलायची.

एकदा गोटा केला की नवे केस सरळ येतात, हे सासूबाईंचं ठाम मत. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, केसच तर आहेत." पण आज हे केस उतरले की आपण काहीतरी कबूल केल्यासारखं होईल, असं सुनेला वाटत होतं.

आत्ता ती न्हाणीघरात सासऱ्यांचं डोकं धूत होती. सासऱ्यांची सगळी नोकरी आगीच्या बंबावर गेली. उंच उंच शिड्या चढून त्यांनी माणसं खाली आणली, आणि निवृत्त झाल्यावर दिवा बदलताना स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून पडले. खांदा मोडला. तेव्हापासून सलून बंद, आणि एरवी कायम मशीन फिरवलेल्या डोक्यावर पहिल्यांदाच केस वाढले. सासूबाई रोज त्यावर तेल थापून बारीक कंगव्यानं ते चापून बसवायच्या आणि वर कानटोपी चढवायच्या. झोळीतला हात आजच मोकळा झाला होता, म्हणून हे पहिलं खरं न्हाणं.

"मान पुढे करा बाबा. डोळ्यांत फेस जाईल."

"जाऊ दे गं. मी काय रडतोय?"

"भिंगरीही असंच म्हणते, आणि मग घर डोक्यावर घेते."

तेल निघता निघत नव्हतं. निघालं तेव्हा सुनेनं सवयीनं हात लांब करून भिंगरीची कंडिशनरची बाटली घेतली. ओल्या केसांतून बोटं फिरवून गुंता सोडवला. टॉवेलनं खसाखसा पुसायच्या ऐवजी जुन्या मऊ बनियननं केस खालून वर, मुठीमुठीनं दाबले. रोजचं काम, हात आपोआप चालत होते. डोकं कोणाचं आहे याकडे तिचं लक्षच नव्हतं.

तिनं बनियन बाजूला केला आणि ती बघतच राहिली.

पांढरेशुभ्र कुरळे केस. दाबलेले होते ते सगळे एकेक करून वर उठत होते, वळत होते, जागा धरत होते. आणि डाव्या कानामागची एक बट बाकी सगळ्यांच्या उलट दिशेनं वळली होती. भिंगरीची तीच बट रोज सकाळी सुनेला छळायची. तिनं ही बट बोटाभोवती सुलट गुंडाळली आणि सोडली. बट सावकाश उलगडली आणि पुन्हा उलटी वळली. सुनेनं ती पुन्हा गुंडाळून पाहिली. पुन्हा तेच.

"काय झालं गं? टक्कल पडलं की काय?"

"बाबा," ती म्हणाली. "तुमचे केस कुरळे आहेत."

"माझे? काहीतरीच! लहानपणी वडील वस्तरा फिरवायचे, नंतर नोकरीत मशीन. डोक्यावर काय उगवतं ते बघायला वेळ होता कुणाला!"

तिनं त्यांना बाहेर आणून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. भिंगरी धावत आली, थबकली आणि ओरडली, "आजोबा, तुम्ही माझे केस घातले!"

सासूबाई पर्स घेऊन बाहेर आल्या त्या दारातच थांबल्या. ऊन सासऱ्यांच्या डोक्यावर होतं. इतक्या वर्षांचा नवरा त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

सासरे बिचारे लाजले. "बरं दिसतंय का?"

"अहो, गप्प बसा जरा. बघू द्या."

त्या जवळ आल्या. मांडीवर चढून बसलेल्या भिंगरीच्या डोक्याकडे त्यांनी पाहिलं, मग नवऱ्याच्या, मग पुन्हा भिंगरीच्या. दोघांच्याही कानामागं हात गेला. मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी पर्समधून कंगवा काढला.

"आई, कंगवा नको," सून हळूच म्हणाली. "वाळत आल्यावर कंगवा लागला की वळण मोडतं."

हात तिथंच थांबला.

"आजी, पाच वाजले ना?" भिंगरीनं विचारलं.

"आज कुठं जायचं नाही, राणी." मग सुनेकडे न बघताच त्या तिला म्हणाल्या, "एवढं सगळं ऐकून घेतलंस. कधी उलटून एका शब्दानं बोलली नाहीस."

"बोलले असते, तर पटलं असतं तुम्हाला?"

सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कंगवा खिडकीत ठेवला, पदराला हात पुसले आणि दोन्ही डोक्यांच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"आधी पाणी मारायचं का आधी बोटं फिरवायची?" त्या म्हणाल्या. "दाखव मला."