गाठीपासून चार बोटं

ऑपरेशननंतर नगरच्या डॉक्टरांनी आमच्या ह्यांच्या आतड्याचा तुकडा ट्रेमध्ये दाखवला. लेकानं तोंड फिरवलं. मी चष्मा पुसून पुढं झाले. राजूरला आमचं मटणाचं दुकान. हे कापतात, आतडी मी धुते. माणसाचं कसं असतं, बघायचं होतं. "डॉक्टर, उलटं करून दावा की." हसून त्यांनी चिमट्यानं तुकडा उघडला. आत सुपारीएवढी गाठ होती. "समदी निघाली का?" "आजी, दोन्ही बाजूंचं चांगलं आतडंही घेतलंय." मी वरूनच मापलं. इकडं चार बोटं, तिकडं चार. खराब भाग काढताना मीही एवढंच चांगलं सोबत काढते. संध्याकाळी हे शुद्धीवर आले. "सगळी गाठ निघाली," लेक दोनदा म्हणाला. हे माझ्याकडंच बघत राहिले. "तू पाह्यलं का?" "उलटून पाह्यलं." "सुरी कशी चालवलीय?" "तुमच्यापरीस सरळ." हसता हसता ह्यांनी टाक्यांवर हात दाबला.