डर्व्हला बाईंची प्रार्थना

डर्व्हलाचा देवावरचा विश्वास कॉलेजातच उडाला होता. पण आयर्लंडमधल्या रॉसकॉमनजवळच्या त्या गावात एकच शाळा, तीही चर्चची, आणि तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. म्हणून ती रोज डोळे मिटून, हात जोडून दुसरीच्या मुलांकडून पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीच्या, प्रार्थना घोकून घ्यायची आणि घरी गेल्यावर स्वतःवरच चिडायची.

एका दुपारी शाळेच्या फाटकाशी तिला तिच्या वर्गातल्या छोट्या ऑर्लाची आई भेटली. डर्व्हलाला राहवलं नाही.

"खरं सांगा, तुम्ही स्वतः चर्चला जाता? मग पोरांच्या मागे हे कशाला लावता?"

आई ओशाळली. "रागावू नका बाई. आमच्यात कुणाचाच विश्वास नाही. यंदा हे बंद करा म्हणून आम्ही पालक मुख्याध्यापकांना सांगणारही होतो."

 

आईच पुढे म्हणाली, "पण तुम्ही इतक्या मनापासून शिकवता, तुमचं मन कसं मोडायचं?"